अनसिंगातला मांडवाचा सण

सोयाबीन सोंगणीला आलं की अनसिंगात ते आधी घशाला कळतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हडंबे चालू होतात आणि त्या मळणीयंत्रांच्या तोंडातून उडालेली भुसा-कुटाराची धूळ दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावर, शाळेतल्या फळ्यावर जाऊन बसते. मी त्या शाळेत गणित शिकवते. या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो आणि उरलेला निम्मा अंग खाजवत असतो, त्यामुळे समीकरणं जरा दमानं घ्यावी लागतात. गाव शिंकतं, खोकतं, आभाळाकडे बघून परतीच्या पावसाला शिव्या घालतं. मला मात्र हा वास आला की सणाची भूक लागते, कारण माझे सगळे मोठे सण याच धुळीत येतात.

सण म्हणजे दसरा-दिवाळी नव्हे. तेही असतातच, शेजारचे, आणि त्यांचा फराळ मी कधी सोडलेला नाही. पण मी बेने इस्राएल आहे, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू. आमचं नवं वर्ष याच सुमाराला लागतं. त्याला आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘नव्याचा सण’ म्हणत आले आणि त्या दिवशी गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा होतो. चीक म्हणजे काय हे वऱ्हाडाला शिकवावं लागत नाही, इथे उन्हाळ्यात कुरडयांसाठी घरोघरी गहू भिजतो. नारळ मात्र अनसिंगात मिळतो तो देवळात फोडण्यापुरताच, आणि त्याचं दूध काढताना आई दरवर्षी कोकणाच्या नावानं उसासा टाकायची. मग येतो दारफाळणीचा उपास. दार लावून, पांढरे कपडे घालून, वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागत बसायचं. आणि ती माफी मागून होते न होते तोच सुक्कोथ, मांडवाचा सण. अंगणात झाडपाल्याच्या छपराचा मांडव घालायचा आणि सात दिवस त्याखाली जेवायचं.

यंदा हा मांडव घालायचा की नाही, हे माझं ठरत नव्हतं. आई उन्हाळ्यात गेली. तिला मुंबईकडे नेऊन आमच्या माणसांत मातीत ठेवलं, सात दिवस तिथल्या नातेवाइकांसोबत जमिनीवर बसले आणि परत आले. मी लग्न केलेलं नाही (त्याची कारणं आहेत आणि ती कंटाळवाणी आहेत), तेव्हा घरात आता मी आणि माझं गणित. वाशिम जिल्ह्यात दुसरं ज्यू घर असेल तर मला ते अजून सापडलेलं नाही. नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी इस्राएलहून, लोदहून, मामाचा फोन आला. तो आता चांगलाच थकलाय, पण आवाजात हुकूम तसाच आहे.

“आता तिथे तुझं कोण आहे?” तो म्हणाला. “ज्यू एकट्यानं होता येत नाही, पोरी. दहा माणसं असल्याशिवाय आपली प्रार्थनासुद्धा पुरी होत नाही. एकटीनं मांडव घालून तू कुणाला दाखवणार? तू ये. इथे खोली रिकामी आहे.”

“सण होऊ दे, मग सांगते,” मी म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आईनंही त्याला अगदी हेच, याच शब्दांत सांगितलं होतं. तेव्हाही सोयाबीनच होतं बाहेर.

तेव्हा मी आठवीत होते. वडील मी लहान असतानाच गेले होते आणि आई नर्स म्हणून बदली होऊन अनसिंगच्या सरकारी दवाखान्यात आली होती. इतरांनी ज्या बदलीला नाकं मुरडली ती हिनं आनंदानं घेतली, कारण क्वार्टरला अंगण होतं. गावानं तिचं नाव कधी विचारलं नाही. ती सिस्टरबाई. क्वार्टरच्या मागे शेवंताबाई आणि किसनभाऊ राहायचे. थोडकी कोरडवाहू जमीन, आणि दसरा झाला की पोराबाळांसकट ऊसतोडीला थेट पश्चिमेकडे. शेवंताबाईची सगळी बाळंतपणं आईच्या हातची, त्यामुळे त्या घरातून या घरात यायला दार वाजवायची पद्धत नव्हती. आमच्या चौकटीला देववचनाची छोटी डबी ठोकलेली असते, मेझुझा म्हणतात तिला. शेवंताबाई आत येताना तिला हात लावून तो कपाळाला टेकवायची. आईनं तिला कधी त्याचं कारण सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

आम्ही नक्की कोण, हे मात्र तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तो प्रश्न अनसिंगात चहाच्या आधी येतो.

“तुमी कोन्या समाजाचे हो, सिस्टरबाई?”

“आम्ही बेने इस्राएल.”

“मुसलमान?”

“नाही.”

“किरिस्ताव?”

“तेही नाही.”

मग आईनं आमची जुनी गोष्ट सांगितली. फार फार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं, थोडी माणसं वाचली, धर्माची पुस्तकं सगळी समुद्रात गेली. वाचलेल्यांनी गावात तेलाचे घाणे टाकले. काय काय आठवत होतं? देव एकच आहे हे सांगणारी एक प्रार्थना, मुलाची सुंता, काय खायचं नि काय नाही, आणि शनिवारी काम करायचं नाही. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

“मंग तेलीच म्हना ना सरळ!” शेवंताबाई म्हणाली. “येवढं कायले फिरवून राह्यल्या?”

तिचं समाधान झालं. करडई, जवस, तिळाच्या मुलखात तेली कोण हे सांगावं लागत नाही. आम्ही वर्षभर मटण खात नव्हतो, कारण आमच्या रीतीनं कापणारा माणूस इथे नव्हता. त्यामुळे गावात कुणी आम्हाला माळकरीही समजायचं. आई कुणाचाच गैरसमज घाईनं दूर करत नसे. दवाखान्यात तिची शनिवारची पाळी ती दुसऱ्या नर्सच्या रविवारशी बदलून घ्यायची. पण एखादी बाई अडली की शनिवारीही धावायची. जीव वाचवायला शनिवार मोडायची आमच्या धर्मात मुभाच आहे, आज्ञाच म्हणा ना. अनसिंगातले जीव नेमके शनिवारीच कसे अडतात, असं ती येताना चिडून म्हणायची आणि हात धुवायची.

त्या वर्षी मामा आला तो आम्हाला न्यायलाच. त्याच्या बॅगेला विमानाचा वास होता आणि बोलण्यात पक्का निर्णय. तिथे शनिवारी सगळं शहर थांबतं, सगळ्या शाळांना आपल्या सणांची सुट्टी असते, दुकानातलं मटण न विचारता घेता येतं, असं तो सांगायचा आणि मी तोंड उघडं टाकून ऐकायची. कुणालाही काही समजावून न सांगता नुसतं असणं, हे मला फार ऐटीचं वाटलं होतं. आई ऐकायची आणि म्हणायची, “सण होऊ दे, मग सांगते.”

मांडव घालायला किसनभाऊ आले. उभ्याला बांबू, भिंतींना मागच्या वर्षीच्या तुराट्या, वर नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या. मामा खुर्चीत बसून नियम सांगत होता. छपरावर जे टाकायचं ते मातीतून उगवलेलं आणि तोडलेलंच हवं. सावली उन्हापेक्षा जास्त पडावी, पण फटीतून चांदण्या दिसाव्यात. किसनभाऊ झावळ्या दाट लावायला गेले की मामा ओरडायचा, “विरळ! विरळ!” किसनभाऊंनी आयुष्यात कधी कुणाला छप्पर विरळ करायला सांगताना ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडे बघून डोळा मारायचे, पाव्हण्याचं डोकं जरा ढिलं हाय असं.

शेवंताबाई खाली झावळ्या निवडत होती. मामाच्या बोलण्यातून तिच्या ध्यानात आलं की हे तेल्यांचं काम दिसत नाही, आणि तिनं प्रश्न पुन्हा काढला.

“तुमच्यातला एखादा देव मानत नसला त मंग तो कोन?”

“तरी ज्यूच,” मामा म्हणाला. “माझ्या शेजारी एक आहे तसा. देवाशी त्याचं उभं वैर आहे.”

“मंग हा धरम कायचा? जात हाय.”

“जात कशी? माझ्या जिन्यात येमेनचा ज्यू आहे, रशियाचा आहे, मोरोक्कोचा आहे. रंग वेगळे, बोली वेगळी, एकाच्या हातचं जेवण दुसऱ्याला जात नाही. आणि बाहेरचा माणूस शिकून-सवरून आमच्यात येऊही शकतो.”

शेवंताबाईनं एक झावळी बाजूला टाकली. “कोनी मेलं त सुतक धरता का?”

“धरतो. सात दिवस जमिनीवर बसतो.”

“अन् भांडता का आपसात?”

“त्याशिवाय दुसरं करतो काय!”

“मंग भावकी हाय तुमची,” ती म्हणाली. “लय मोठी, लय पांगलेली. येवढंच त हाय. धरम अन् जात कायले करत बसले?”

मामा हसला. ज्यू म्हणजे धर्म, संस्कृती की एक लोक, यावर मी पुढे पुष्कळ वाचलं, जाड जाड ग्रंथ वाचले. भावकीपेक्षा नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही. भावकीत जन्मानं येतो, लग्नानं येतो, एखादा दत्तकही येतो. भावकीतून रागानं उठून जाता येतं, पण बाहेर पडता येत नाही. आणि तिचं दुःख, तुम्ही कुठेही असा, पत्ता शोधत येतं. आजकाल टीव्हीवर तिकडच्या लढाईच्या बातम्या लागल्या की शिक्षकांच्या खोलीत माना माझ्याकडे वळतात, जणू तिकडचे निर्णय अनसिंगातून होतात. मी सांगते की तिकडे दोन्ही बाजूंची लेकरं मरतात आणि दोन्हींचं सुतक मला लागतं, मग खडू उचलून तासाला जाते.

सणाच्या मधल्या दिवसांत एका संध्याकाळी आभाळ भरून आलं. गावात पळापळ झाली. जो तो आपापल्या सुडीवर, म्हणजे सोंगून रचलेल्या सोयाबीनवर, काहीबाही झाकायला धावला. आई दवाखान्यात होती. पावसात मांडवातून उठून घरात जेवायची मुभा असते, म्हणून मामानं आणि मी ताटं आत मागच्या खोलीत नेली. थोड्या वेळानं आई परतली तर अंगणात किसनभाऊ आणि शेवंताबाई ओलेचिंब उभे, आणि आमच्या मांडवावर निळी, कोरी करकरीत ताडपत्री. चारी कोपऱ्यांना दोऱ्या, वर धोंडे.

“आता येऊ द्या पान्याले किती यायचं ते,” किसनभाऊ म्हणाले.

त्यांनी ती ताडपत्री ऊसतोडीसाठी घेतली होती. सहा महिने ज्या कोपीत संसार करायचा तिचं छप्पर होतं ते. स्वतःची सुडी जुन्या पोत्यांनी झाकून नवी ताडपत्री त्यांनी आमच्यावर घातली होती.

मामा दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला. “हा मांडव आता मांडव राहिला नाही,” तो आईला हळूच म्हणाला. “ताडपत्रीखाली बसणं म्हणजे घरातच बसणं. काढायला सांग.”

आईनं आधी चहा टाकला. अंग पुसायला टॉवेल दिले. मग ती त्या दोघांसमोर बसली आणि म्हणाली, “शेवंताबाई, तुम्ही जे केलंत ते सख्ख्यांनी केलं नसतं. पण या मांडवाला पक्कं झाकायचं नसतं. मिसरच्या गुलामीतून सुटल्यावर आमचे वाडवडील रानात चाळीस वर्षं असेच कच्च्या छपराखाली राहिले. घरदार झाल्यावर माणूस विसरतो. म्हणून वर्षातून सात दिवस आठवायचं.”

शेवंताबाईनं चहाचा घोट घेतला. “आमाले नाई लागत बाई आठवाले,” ती म्हणाली. “आमी दसऱ्यानंतर तेच करतो.”

टोमणा नव्हता त्यात, तिनं सरळ माहिती सांगितली होती. आईनं तिच्या कपात आणखी चहा ओतला. मला वाटलं आता ताडपत्री राहणार.

“पन नेम हाय ना तुमचा?” शेवंताबाईनं विचारलं.

“आहे.”

“मंग राह्यलं कायचं! नेमाले दुसऱ्यानं हात लावाचा नसते.” आणि नवऱ्याकडे वळून, “चढा बापा, काढा ते.”

“बांधली तवा कोनी बोललं नाई,” किसनभाऊ कुरकुरले. पण चढले. पाऊस चालूच होता. ताडपत्री निघाली आणि झावळ्यांमधून पाणी सरळ खाली गळायला लागलं.

“आता घरात बसू,” मामा म्हणाला. “पावसात देवानं माफ केलंय.”

“बरा हाय तुमचा देव,” शेवंताबाई म्हणाली. “आमच्या मुकादमाले शिकवा म्हना थोडं.”

आई हसत सुटली. हसता हसता उठली, पोळ्यांचा डबा आणि भाजीचं पातेलं उचललं आणि गळत्या मांडवात जाऊन बसली. शेवंताबाई आणि किसनभाऊ तिच्या मागोमाग. मग मीही.

“माफ असताना जो पावसात बसतो त्याला आपली शास्त्रं अडाणी म्हणतात!” मामा दारातून ओरडला.

“म्हणू देत,” आई म्हणाली. “माफ आहे, मनाई नाही.”

त्या दिवशीची वांग्याची भाजी पाण्यानं पातळ होत गेली, ती मी आयुष्यात खाल्लेली सगळ्यात चांगली भाजी होती. मामा शेवटी डोक्यावर छत्री धरून आला आणि छत्री मांडवात चालत नाही हे आठवून ती मिटून बसला.

सण संपला. मामाला सोडायला आम्ही अनसिंगच्या स्टँडवर गेलो. एसटी यायची होती. आईनं तिथे त्याला उत्तर दिलं, शेंगदाणे सोलता सोलता.

“मी येत नाही. तिथे तू ज्यू आहेस ते आपोआप. शनिवार तुझ्यासाठी सगळं शहर पाळतं. इथे मी पाळते म्हणून शनिवार असतो, नाही पाळला तर तो नुसता आठवड्यातला एक दिवस. मला ते आवडतं. पुस्तकं बुडाल्यावर कोकणात त्या माणसांनी हेच केलं, नाहीतर तू आणि मी असतो कुठे?”

“त्यांच्याबरोबर निदान आणखी माणसं होती,” मामा म्हणाला. “तू गेल्यावर ही पोरगी काय करील एकटी?”

“तिचं ती ठरवील,” आई म्हणाली. गाडी आली.

म्हणजे उत्तर तिनं दिलं ते तिचं होतं. माझं तिनं माझ्यावर ठेवलं, आणि ते यंदा दारात येऊन उभं राहिलं. दारफाळणीचा उपास मी एकटीनं केला. दार लावून बसले तेव्हा आईशिवाय पहिल्यांदा जाणवलं की प्रार्थनेत ‘आम्ही’ हा शब्द किती वेळा येतो. ‘आम्ही चुकलो, आम्ही खोटं बोललो.’ आमच्या प्रार्थनेत ‘मी’ जवळजवळ नाहीच. गणिताची बाई म्हणून मी विचार केला, एकानं ‘आम्ही’ म्हणणं हे खरं की खोटं? रडले. स्वच्छ रडले, हे सांगायला हरकत नाही. मग मला राग आला. अलिबागेच्या किनाऱ्यावर समुद्रातून ओढून काढलेल्या माणसानं पहिल्या संध्याकाळी प्रार्थना म्हटली असेल तेव्हा त्यानं काय आधी माणसं मोजली असतील? तो ‘आम्ही’ म्हणाला, म्हणून पुढे आम्ही झालो. उपास सुटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी कोयता घेऊन नाल्याकडे गेले.

झावळ्या तोडणं मला जमत नाही. शेवंताबाई आता ऊसतोडीला जात नाही, कमरेत वाकली आहे, किसनभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ती बांधावरून माझी तऱ्हा बघत होती.

“कोयता हाय का पट्टी?” ती म्हणाली. “झाडाले गनित शिकवून राह्यली का तू?”

तिच्या नातवानं बांबू रोवले, मी वर झावळ्या पसरल्या, आणि त्या दाट होऊ लागल्या की तीच खालून ओरडायची, “विरळ ठेव, विरळ!” मांडव जरा डावीकडे कललाय. मला तो सरळ करायचा होता, पण तिनं सांगितलं की उभा हाय ते पुष्कळ हाय.

सणाच्या पहिल्या दिवशी आमच्यात फोनला हात लावत नाहीत, मधल्या दिवसांत चालतं. तिसऱ्या संध्याकाळी मामाचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर कुठेतरी हडंबा चालू होता, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागत होतं. त्याच्या चेहऱ्यामागे पांढरी भिंत होती.

“ठरलं का?” त्यानं विचारलं.

“ठरलं. मी येत नाही, मामा.” आणि फोन फिरवून त्याला कललेला मांडव दाखवला, तुराट्या, चटई, पोळ्यांचा डबा, पदर सावरत बसलेली शेवंताबाई.

तो स्क्रीनजवळ वाकून झावळ्या निरखू लागला. मग म्हणाला, “माझ्या बाल्कनीवर वरच्याची बाल्कनी आहे, मांडव घालता येत नाही. दरवर्षी खाली सिनेगॉगच्या मांडवात जायचो. यंदा गुडघे जिना उतरू देत नाहीत.” मग हळूच, “फोन तिथेच कुठेतरी ठेव गं. मी बसतो थोडा वेळ तुमच्यात.”

मी फोन तांब्याला टेकवून उभा केला. शेवंताबाईनं त्याच्याकडे पाहिलं, डबा पुढे ओढला आणि एक ताट फोनपुढे मांडलं. पोळी, भाजी, चिमूटभर मीठ. पाहुणा बसला की ताट वाढायचं, तो कुठे बसलाय हा प्रश्न तिला पडला नाही.

“घ्या भाऊ,” ती म्हणाली. “उष्टं-खरकटं मी पाह्यतो मंग.”

मामानं ताटाकडे पाहिलं आणि आपल्याकडचा पाव पुढ्यात ओढला. डोक्यावरची टोपी नीट केली आणि पावावर म्हणायचा आशीर्वाद हिब्रूत सुरू केला, मोठ्या आवाजात. शेवंताबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. आशीर्वाद संपवून मामा थांबला. आमच्यात ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं असतं, आणि मांडवात ते म्हणू शकणारी मी एकटीच होते.

मी म्हटलं. तो हसला आणि पाव मोडून जेवायला लागला.